केळीच्या खोडातला बारीक तंतू आणि कुजणारं प्लास्टिक: यंत्र घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या एका रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीच्या मामांची राजपिपळ्याजवळ केळीची बाग आहे. घड उतरवले की खोडं बांधावर पडून राहतात. त्यांतून नॅनोसेल्युलोजचा, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाइतका बारीक, तंतू काढून तो पीएलएमध्ये (मक्यासारख्या पिकांपासून होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) मिसळायचा आणि कुजणारं पण मजबूत प्लास्टिक करायचं, असा तिचा बेत आहे. तंतू बारीक करायला होमोजिनायझर (घोळ मोठ्या दाबानं अरुंद फटीतून काढणारं यंत्र) घ्यावा की दगडी ग्राइंडर, तंतू किती टक्के घालावा, आणि पिशव्या कराव्यात की ट्रे, हे तिनं विचारलंय.

मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) कंपाउंडिंग करतो. म्हणजे लोकांचा प्लास्टिकचा दाणा घेऊन त्यात हवी ती भर मिसळायची आणि ट्विन स्क्रू एक्सट्रूडरमधून (दोन फिरत्या स्क्रूंनी प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून) नवा दाणा पाडून द्यायचा. लाकडाचा भुसा, ताग, बगॅस, केळीचा तंतू असं बरंच काही त्या यंत्रातून गेलंय. त्या अनुभवावर सांगतो, की यंत्र कोणतं घ्यावं हा तुमच्यापुढचा तिसरा प्रश्न आहे. त्याआधी वस्तूची जाडी किती हे ठरवा, आणि मग तंतूतलं पाणी कुठे नि कसं काढणार हे ठरवा. बारीक तंतू तयार करायच्या चार-पाच रीती आहेत आणि नीट केल्या तर सगळ्या जमतात. पण बारीक झालेला तंतू वाळताना परत एकमेकांना चिकटतो आणि प्लास्टिकपर्यंत पोचेस्तोवर पुन्हा जाडा होऊन बसतो. या कामातली बहुतेक पुंजी आणि उमेद तिथे संपते, म्हणून त्या भागावर मी जास्त लिहिणार आहे.

आधी जाडीचं पाहू. केळीच्या सोपटातून (खोडाच्या एकेका थरातून) रास्पाडोर यंत्रावर जो लांब, चमकदार तंतू निघतो तो एक तंतू नसतो, जुडी असते. साधारण १०० ते २०० मायक्रॉन जाडीची. त्या जुडीत १० ते ३० मायक्रॉनच्या पेशी लिग्निन आणि पेक्टिन या वनस्पतीतल्या नैसर्गिक डिंकांनी एकमेकींना चिकटलेल्या असतात. प्रत्येक पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे सूक्ष्मतंतू असतात, वीस-तीस नॅनोमीटरचे, आणि अगदी मुळाशी गेलं तर ३ ते ५ नॅनोमीटरचे. सेल्युलोजच्या स्फटिकाचा कडकपणा १३० ते १५० गिगापास्कल भरतो. काचतंतूचा सत्तरच्या आसपास असतो, आणि काचेची घनता २.५ तर सेल्युलोजची १.५. सगळं जग या तंतूच्या मागे का लागलंय ते या आकड्यांवरून कळतं.

पण तुम्हाला रोपवाटिकेचा ट्रे किंवा कुंडी करायची असेल, तर तिची भिंत एक मिलिमीटरच्या आसपास असते. तिथे नॅनोची काहीही गरज नाही. धुतलेला, कॉस्टिक सोड्यानं साफ केलेला, दोन मिलिमीटरला कापलेला साधा तंतू वीस टक्के घाला. कडकपणा वाढतो, महाग पीएलए कमी लागतं, आणि तपकिरी रंग कुंडीला शोभतोच. पिशवीची गोष्ट निराळी आहे. तिची फिल्म ३० ते ५० मायक्रॉनची. त्यात २० मायक्रॉनची एक अख्खी पेशी आली, की फिल्म करायला फुगवलेला प्लास्टिकचा फुगा वर चढताना नेमका तिथेच फाटतो. फिल्म, कागदावरचं लेपन, बारीक धागा, अशा ठिकाणीच तंतू खऱ्या अर्थानं बारीक करावा लागतो. माझं मत विचाराल, तर कुंड्या आणि ट्रे साध्या तंतूचे करून धंदा उभा करा आणि त्याच्या कडेला नॅनोचं काम शिका. मामांच्या खोडांचा मोठा वाटा पहिल्या कामातच खपेल.

आता खोडाकडे येऊ. खोडाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाणी असतो. हाताशी येणारा तंतू ओल्या वजनाच्या शेकडा एक-दोनच. त्यामुळे खोडं ट्रकनं बडोद्याला आणायचा विचार सोडून द्या, पाण्याचंच भाडं भराल. सोपटं बागेतच सोलून, बागेतच तंतू काढायचा. निघणारा रसही वाया घालवू नका. नवसारी कृषी विद्यापीठानं खोडाच्या रसापासून द्रवरूप खत केलंय. ते कसं करतात हे मामांनी एकदा तिथे जाऊन पाहावं.

एक नियम मात्र भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. नॅनोसाठी ठेवायचा तंतू मधल्या कुठल्याही पायरीवर पूर्ण वाळू द्यायचा नाही. पेशीच्या भिंतीतल्या सूक्ष्मतंतूंमध्ये पाणी असतं तोवर ते एकमेकांपासून सुटे असतात. पाणी गेलं की त्यांचे हायड्रॉक्सिल गट थेट एकमेकांशी जोडले जातात, आणि ते जोड नंतर भिजवून सगळे सुटत नाहीत. कागदवाल्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. एकदा वाळलेला लगदा ताज्या लगद्याइतका कधीच फुगत नाही. म्हणून साध्या तंतूची गाठोडी उन्हात वाळवा, आणि नॅनोची ओलीच, झाकणाच्या ड्रममध्ये, थंड जागी ठेवा आणि लवकर वापरा. ओला माल फार दिवस राहिला तर बुरशी धरते.

साफसफाईचं रसायन तुम्हाला येतंच, तरी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. चार-पाच टक्के कॉस्टिकमध्ये ८० अंशांना दोन तास ठेवलं, की पेक्टिन, थोडं लिग्निन आणि बरंच हेमिसेल्युलोज (सेल्युलोजचा आखूड, ढिला भाऊबंद) निघून जातं. ‘जितकं शुद्ध तितकं चांगलं’ असं वाटून लोक ही पायरी तीन-तीन वेळा करतात. तसं करू नका. हेमिसेल्युलोज थोडं शिल्लक राहिलं तर ते सूक्ष्मतंतूंच्या मध्ये बसून त्यांना चिकटू देत नाही, आणि पुढचं दळणही हलकं जातं. दुसरी गोष्ट ब्लीचची. प्रयोगशाळेतल्या लेखांत सगळीकडे आम्लात सोडियम क्लोराइट दिसेल. काम सुरेख होतं, पण त्यातून क्लोरिन डायऑक्साइड वायू सुटतो. तो विषारी आहे आणि साठला तर स्फोटही होतो. घराच्या मागच्या शेडमध्ये हे करायचं नाही, अगदी एकदाही नाही. अल्कलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये रोज तेच वापरतात, त्याची माहिती असलेली माणसं अहमदाबाद-सुरतेला गल्लोगल्ली आहेत. थोडा पिवळेपणा राहील. राहू द्या. लिग्निन थोडं उरलेला तंतू पाण्याला कमी ओढतो, आणि पीएलएसारख्या पाण्याशी न जमणाऱ्या प्लास्टिकमध्ये ते कामाचंच आहे.

बारीक करण्याच्या रीतींपैकी दोन रीती तुमच्या कामाच्या नाहीत, त्या आधीच बाजूला सारतो. पहिली सल्फ्युरिक आम्लाची, ६४ टक्के आम्लात ४५ अंशांना. स्वीडनच्या बेंग्ट रोनबी यांनी आम्लानं सेल्युलोजचे सुटे स्फटिक मिळवले ते १९५०च्या आसपास. स्फटिक फार सुंदर मिळतात, पण त्यांच्या अंगावर सल्फेटचे गट चिकटतात आणि त्यामुळे ते कमी तापमानालाच काळवंडायला लागतात. वितळलेल्या पीएलएचं तापमान १७० ते १९० अंश असतं, तिथे हे अंगाशी येतं. शिवाय आम्ल धुऊन काढायला लागणारं पाणी आणि त्या पाण्याची विल्हेवाट हा एक वेगळाच कारखाना होतो. दुसरी टेंपो (TEMPO) नावाच्या रसायनाच्या मदतीनं तंतूचं ऑक्सिडेशन करण्याची. टोकियो विद्यापीठात अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी ती घडवली, आणि २०१५ साली त्यांना योशिहारु निशियामांबरोबर मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. ३-४ नॅनोमीटरचे तंतू जवळजवळ विनासायास सुटतात. पण जेल पाण्याला इतकं धरून ठेवतं की दाबून ते काढताच येत नाही, आणि तयार झालेले सोडियम कार्बोक्सिलेटचे गट उष्णता कमी सोसतात. पाण्यातल्या लेपनासाठी ही उत्तम रीत आहे. वितळवून मिसळायच्या प्लास्टिकसाठी मी ती सुचवत नाही.

तुमच्यासाठी उरते ती एन्झाइम आणि दळणाची जोडी. कापडाच्या बायोपॉलिशिंगला (वरची लव काढायला) जे सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, वापरतात त्याच घराण्यातलं, पण एंडोग्लुकॅनेज (साखळीला मधेच कापणारा प्रकार) जास्त असलेलं एन्झाइम मागा. ५० अंश, पीएच ५ च्या आसपास, दोन तास, मात्रा अगदी कमी. मग ९० अंशांना नेऊन ते मारायचं. हे एन्झाइम तंतूच्या ढिल्या, अस्फटिक जागा मोकळ्या करतं. मात्रा जास्त झाली तर साखळी तुटत जाते आणि लांबी हरवते. मजबुतीसाठी लांबी हवीच, कारण तंतू आखूड असेल तर प्लास्टिकनं त्याच्यावर टाकलेला भार घेण्याआधीच तो निसटतो.

दळणाच्या विजेचा हिशोब करून बघा. सूक्ष्मतंतू पहिल्यांदा अमेरिकेत आयटीटी रेयोनियर कंपनीत टुरबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस काढले, आणि त्यासाठी त्यांनी वापरला तो दुधाचा होमोजिनायझर होता. आणंद इतकं जवळ असताना कुणाच्याही मनात येईल की डेअरीतला जुना होमोजिनायझर आणावा. पण दुधासाठी दीडशे-दोनशे बार दाब पुरतो. टुरबॅकनी साडेपाचशे बारच्या आसपास चालवलं होतं, आणि तेही कापून बारीक केलेल्या लगद्यावर. केळीचा लांब तंतू तसाच सोडला तर झडपेत अडकून बसतो. कुठलीच पूर्वतयारी न करता वारंवार होमोजिनायझरमधून काढलं, तर टनाला २० ते ३० हजार युनिट वीज लागते असे आकडे नोंदलेले आहेत. किलोला वीस-तीस युनिट. युनिट ८ रुपयांचं धरलं तर किलोला १६० ते २४० रुपये फक्त विजेचे. एन्झाइमची पायरी आधी केली की हा आकडा टनाला काही हजारांवर उतरतो. म्हणून यंत्रांपैकी आधी हाताने कागद करणाऱ्यांकडचा हॉलंडर बीटर (लगदा कुटायचं यंत्र) पाहा, किंवा वापीकडच्या एखाद्या कागद गिरणीत डिस्क रिफायनरवर (फिरत्या तबकड्यांत लगदा घासणाऱ्या यंत्रावर) माल काढून घ्या. त्यानंतर सिलिकॉन कार्बाइडच्या दगडांचा ग्राइंडर. दगड झिजतात आणि त्याची कच मालात येते, हे लक्षात ठेवून ठरावीक काळानं थोडा माल जाळून राख मोजत जा. राख वाढली की दगड बघायची वेळ झाली.

बारीकपणा पुरेसा झाला की नाही हे पाहायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची गरज रोज पडत नाही. काचेच्या मापपात्रात हजारी एक भाग इतका पातळ घोळ करून रात्रभर ठेवा. तळाशी थर बसून वर स्वच्छ पाणी दिसलं तर अजून जाड तंतू आहे. सगळीकडे सारखा धुरकट राहिला तर काम झालं.

आता पाण्याचं. दळून झालेला माल दोन टक्क्यांचं जेल असतो, चमचा उलटा केला तरी न सांडणारं. एक किलो तंतू आणि ४९ किलो पाणी. हे पाणी उष्णतेनं उडवायचं म्हटलं तर किलोला ०.६३ युनिट, म्हणजे ४९ किलोला जवळपास ३१ युनिट. वाईटात वाईट दळणाला जेवढी ऊर्जा लागते तेवढीच नुसत्या वाळवणीला! दळण स्वस्त केल्याचा आनंद इथे जिरून जातो. तेच जेल आधी फिल्टर प्रेसमध्ये दाबून वीस टक्क्यांवर आणलं, तर किलोमागे ४ किलो पाणी उरतं आणि अडीच युनिटांत काम होतं. म्हणून तंतू जितका बारीक तितका चांगला असं धरून चालू नका. जो दाबून सुटतो इतपतच बारीक ठेवा. एन्झाइम आणि दळणानं केलेला, थोडा भरडच राहिलेला माल दाबाखाली पाणी सोडतो. टेंपोचा सोडत नाही.

वाळवण्याचा एक प्रयोग तुम्ही घरीच करून पाहाच. स्टीलच्या ताटात जेलचा पातळ थर द्या आणि ओव्हनमध्ये १०५ अंशांना वाळवा. ताटाच्या कडेपासून थर सुटायला लागतो, आक्रसतो, आणि शेवटी हातात येते ती पापडासारखी कडकडीत, अर्धपारदर्शक चकती. ती मोडून पाण्यात टाका आणि मिक्सरमध्ये पाच मिनिटं फिरवा. तुकडे मऊ होतील, लहान होतील, पण ते तुकडेच राहतील. पूर्वीचं जेल परत येणार नाही. हीच चकती दळून, भुकटी करून, ‘नॅनोसेल्युलोज’ म्हणून पीएलएमध्ये घातलेली मी पाहिलेली आहे. अशा भुकटीचा एकेक कण पन्नास-शंभर मायक्रॉनचा असतो आणि आतून दगडासारखा बंद असतो. त्यानं मजबुती वाढत नाही. प्रत्येक कण हा तडा सुरू व्हायची जागा होतो.

यावर उपाय तीन-चार आहेत. गोठवून निर्वातात वाळवणं चांगलं, पण कुंडी-पिशवीच्या किमतीत न बसणारं. स्प्रे ड्रायरमध्ये माल सुका आणि वाहता मिळतो, मात्र तो गोळ्यांच्या रूपात. तिसरा उपाय मला व्यवहारात पटलेला आहे: दाबलेल्या ओल्या लगद्यातच असं काही मिसळायचं जे पाणी गेल्यावर तंतूंच्या मध्ये बसून राहील. ग्लिसरॉल, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, किंवा थोडं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. पॉलिइथिलीन ग्लायकॉल पीएलएला थोडं लवचीकही करतं, त्यामुळे ते तिथे परकं वाटत नाही. चौथा उपाय म्हणजे वाळवायचंच नाही, ओलाच माल एक्सट्रूडरला भरवायचा.

हा चौथा उपाय ऐकायला सोपा आहे, म्हणून पीएलएच्या बाबतीत आकडे समोर ठेवतो. १०० किलो दाणा पाडायचा आहे, त्यात ५ किलो तंतू. वीस टक्क्यांचा लगदा घेतला तर तो २५ किलो लागेल आणि त्याबरोबर २० किलो पाणी येईल. पीएलए यंत्रात घालण्याआधी त्यातला ओलावा २५० पीपीएमच्या खाली आणायचा असतो, म्हणजे १०० किलोत २५ ग्रॅम. वीस किलो कुठे आणि पंचवीस ग्रॅम कुठे. पीएलएच्या साखळीतले एस्टरचे दुवे १८० अंशांना पाण्यानं भराभर तुटतात. व्हेंटमधून वाफ निघून जाते हे खरं, पण निघून जाईपर्यंत तिनं जे तोडायचं ते तोडलेलं असतं. दाणा बाहेर येतो तो दिसायला ठीक, पण हाताने वाकवला की कट्कन मोडतो, आणि दोष तंतूवर जातो.

म्हणून तुमच्या बेतातला सगळ्यात मोठा बदल मी हा सुचवीन: नॅनोतंतूसाठी पहिलं प्लास्टिक पीएलए घेऊ नका, स्टार्च घ्या. मक्याच्या स्टार्चचं थर्मोप्लास्टिक (तापवून वितळणारं प्लास्टिक) करायचं तर त्याला ग्लिसरॉल आणि पाणी लागतंच. पाणी तिथे शत्रू नसून घटक आहे. १०० किलो स्टार्च, ३० किलो ग्लिसरॉल, आणि ४ किलो तंतू वीस टक्क्यांच्या लगद्याच्या रूपात. लगद्यातून १६ किलो पाणी येतं, आणि स्टार्च फुगून वितळायला साधारण तेवढंच पाणी हवं असतं. वेगळं पाणी घालायचं नाही, वेगळी वाळवणी करायची नाही. तंतू आणि स्टार्च दोघांचंही रसायन एकाच जातीचं असल्यानं ते एकमेकांत छान मुरतात. यंत्राच्या पुढच्या भागात व्हेंटनं पाणी काढून टाका, दाणा पाडा, मग तो दाणा पीबीएटी या मऊ, कुजणाऱ्या प्लास्टिकमध्ये ३०-४० टक्के मिसळून फिल्म फुगवा. शेवटच्या फिल्ममध्ये तंतू टक्का-सव्वा टक्काच उरतो, हे खरं आहे. पण तो सुटा असतो. पीबीएटी इतकं मऊ आहे, साधारण शंभर मेगापास्कलच्या घरातलं, की तिथे थोड्या तंतूचाही परिणाम हाताला जाणवतो. स्टार्चची फिल्म बडोद्याच्या पावसाळ्यात लोळागोळा होते ही तिची जुनी तक्रार. सुट्या तंतूंचं जाळं ती बऱ्यापैकी आवरतं.

पीएलएच करायचं असेल तर मास्टरबॅचच्या, म्हणजे आधी खूप तंतू असलेला दाणा करून तो नंतर साध्या दाण्यात मिसळायच्या, वाटेनं जा. तंतू पॉलिइथिलीन ग्लायकॉलबरोबर कमी तापमानाला, निर्वातात वाळवा, त्याचा दाट मास्टरबॅच करा, आणि तो मास्टरबॅच व पीएलए दोन्ही ८० अंशांच्या कोरड्या हवेत चार-सहा तास ठेवूनच हॉपरमध्ये घाला. मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं थोडं पीएलए बरोबर दिलं तर तंतू आणि प्लास्टिकमधली पकड सुधारते. तंतू ३ ते ५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. पुढे गेलात की गुठळ्या मजबुतीपेक्षा वेगानं वाढतात.

किती फरक पडेल, हे आधीच नीट समजून घ्या म्हणजे नंतर निराशा होणार नाही. वजनानं ५ टक्के तंतू म्हणजे आकारमानानं ४ टक्क्यांच्या थोडं वर. सगळे तंतू एका दिशेत, अखंड आणि पक्के धरलेले असते, तर ३.३ गिगापास्कलचं पीएलए जवळजवळ ९ वर जायला हवं. प्रत्यक्षात तंतू वाटेल त्या दिशेला असतात, लांबी तुटलेली असते, आणि सूक्ष्मतंतूचा कडकपणा शुद्ध स्फटिकापेक्षा बराच कमी असतो. चारच्या आसपास आकडा आला, ताण सोसायची ताकद तशीच राहिली किंवा थोडी वाढली, आणि तुटण्याआधीचा ताणलेपणा फार कमी झाला नाही, तर मी त्याला उत्तम निकाल म्हणेन. याहून फार मोठे आकडे कुणी दाखवले, तर ते विरघळवून, ओतून केलेल्या फिल्मचे आहेत का हे विचारा. क्लोरोफॉर्ममध्ये केलेली फिल्म आणि एक्सट्रूडरमधून आलेली फिल्म यांची तुलना करून धंद्याचा निर्णय घेता येत नाही.

चहाच्या कपाबद्दलही विचारलं जाईलच, म्हणून सांगून ठेवतो. पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं आणि तंतू घालून ते तापमान वर जात नाही. फरक पडतो तो वेगळ्या वाटेनं. तंतू पीएलएला लवकर स्फटिक व्हायला मदत करतात, आणि साचा शंभर-एकशे दहा अंशांवर ठेवून वस्तू स्फटिक होऊ दिली तर ती गरम चहाला टिकते. नेहमीच्या थंड साच्यात ओतलेला कप तंतू असूनही वाकणारच.

तपासणी घरच्या घरी बरीच होते. दाण्याची चिमूट दोन टेफ्लॉनच्या कागदांत ठेवून १८० अंशांना दाबा, शंभर मायक्रॉनची फिल्म करा आणि लगेच पाण्यात थंड करा. खिडकीशी धरून पाहा. नुसत्या डोळ्यांना पांढरे ठिपके दिसले तर त्या तंतूला नॅनो म्हणू नका. मग कॅमेऱ्याचे दोन पोलरायझर फिल्टर एकमेकांना आडवे ठेवून त्यांच्यामध्ये तीच फिल्म भिंगाखाली पाहा. झटकन थंड केलेलं पीएलए काळं दिसतं आणि सेल्युलोजच्या गुठळ्या चकाकतात. या एका तपासणीनं ओढून पाहण्याच्या चाचण्यांचा निम्मा खर्च वाचतो. पीएलएची साखळी तुटली का हे पाहायला मेल्ट फ्लो (वितळलेला माल किती वेगानं वाहतो ते) मोजा, पण तुलनेसाठी तेच पीएलए तंतूशिवाय, त्याच यंत्रातून, त्याच वेगानं काढलेलं ठेवा. तंतूनं वहन मंद होतं आणि तुटलेल्या साखळीनं वाढतं. दोन्ही एकत्र झाली तर आकडा जुन्यासारखाच येतो आणि माल मात्र बिघडलेला असतो.

ओढून पाहण्याचं यंत्र आपल्या कलाभवनातच आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या काळात निघालेल्या कलाभवनातून आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा झालीय, आणि तिथला टेक्सटाइल विभाग तंतू जाणणाऱ्यांचा आहे. तुम्ही त्याच विद्यापीठाच्या असाल तर दार आधीच उघडं आहे. त्याहून महत्त्वाचं, यंत्रावर एक रुपया घालण्याआधी मुंबईला माटुंग्याच्या सिरकॉटमध्ये, म्हणजे केंद्रीय कपास प्रौद्योगिकी अनुसंधान संस्थेत जाऊन या. नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्लांट तिथे आहे. आपला केळीचा लगदा ड्रममध्ये भरून, ओलाच, बरोबर न्यायची परवानगी आधी विचारून घ्या. आपल्या मालावर यंत्र कसं चालतं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुठल्याही विक्रेत्याचं ऐकू नका.

सांडपाण्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. कॉस्टिकनं उकळलेलं काळं पाणी बागेत सोडायचं नाही. त्यातलं सोडियम काळ्या जमिनीचा पोत बिघडवतं, निचरा बंद पाडतं, आणि मग तीच बाग केळी देत नाही. बडोद्याभोवतीच्या रासायनिक कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी खंभातच्या आखातापर्यंत नेणारी वाहिनी १९८३ पासून आहे. राजपिपळ्याच्या शेतावर असं काही नसतं. दोन वाटा आहेत. रसायनाची पायरी शेतावर न करता, सांडपाण्याची सोय असलेल्या औद्योगिक वसाहतीत करायची. नाहीतर कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरून पाहायचं. ते महाग पडतं, पण उरलेल्या पाण्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं, आणि केळीइतकं पोटॅश खाणारं पीक क्वचितच सापडेल. तरीही ते पाणी उदासीन करून, माती-पाण्याची तपासणी करून, कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यानंच द्यायचं. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोन्ही वाटांवर लागेल.

विकण्याच्या बाजूनं एवढंच, की ‘कुजणारं’ हा शब्द पिशवीवर आपल्या मनानं छापता येत नाही. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, आणि खत होणाऱ्या प्लास्टिकला वाट मोकळी आहे. पण त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ प्रमाणे चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. चाचणी ५८ अंशांच्या खताच्या ढिगात होते आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचं वायूत रूपांतर व्हावं लागतं. तुमचा तंतू यात अडचण करणार नाही, सेल्युलोज कुजतोच. तंतूंवर चढवलेली रसायनं आणि पकड वाढवायला घातलेली भर यांचा हिशोब मात्र द्यावा लागेल, म्हणून प्रत्येक घटकाची टक्केवारी पहिल्या बॅचपासून वहीत ठेवा. मामांनाही एक गोष्ट आधीच सांगा: पीएलएची कुंडी रोपासकट शेतात पुरली तर ती त्या हंगामात कुजणार नाही. जमिनीत ५८ अंश कधीच नसतात. रोपासकट पुरायची कुंडी हवी असेल तर ती पीएलएशिवाय, नुसत्या लगद्याची दाबून करा. त्यासाठी एन्झाइमही नको आणि एक्सट्रूडरही नको; दळलेल्या तंतूचा थोडा बारीक भाग लगद्यात राहू दिला की डिंकाशिवाय ती घट्ट धरून राहते.

स्टार्चची पहिली फिल्म जमली की अर्धा किलो दाणा आणि तंतूशिवायचा अर्धा किलो दाणा, दोन्ही वेगवेगळ्या बंद पिशव्यांत घेऊन मकरपुऱ्याला या. त्याबरोबर लगदा किती टक्के सुका होता, आणि खोड कापल्यापासून तंतू निघेपर्यंत किती वेळ गेला, ते लिहून आणा. यंत्र मोकळं असेल त्या दिवशी दोन्ही पाठोपाठ चालवून पाहू.